मुंबई ते पणजी मोटारीने : खर्चाचा हिशेब

अंतर : पनवेलहून कोकणमार्गे राष्ट्रीय महामार्ग ६६ (जुना क्रमांक १७). मुंबई–पणजी सुमारे ६०० किलोमीटर, जाऊन-येऊन १,२००. गोव्यातली भटकंती वेगळी धरावी लागते. नेमकी तीच विसरली जाते.

इंधन : एकूण अंतर भागिले गाडीचे ॲव्हरेज, गुणिले लिटरचा दर. ॲव्हरेज १५ असेल तर १,२०० किलोमीटरला ८० लिटर. लिटरला १०० रुपये धरल्यास ८,००० रुपये. कशेडी, परशुरामसारखे घाट, एसी आणि टपावरचे सामान यांमुळे ॲव्हरेज उतरते. गोव्यात पेट्रोल साधारणतः महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असते. त्यामुळे परतीला पत्रादेवीचा नाका ओलांडण्याआधीच टाकी भरून घेणारे बरेच.

टोल :
• फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा. तो नसल्यास रोखीने दुप्पट टोल. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट.
• खासगी मोटारींसाठी वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून, सुरुवातीची किंमत ३,००० रुपये. मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर लागू. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर नाही.
• मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी.

मुक्काम : डिसेंबरअखेर खोल्यांचे भाडे सर्वांत चढे, पावसाळ्यात उतरलेले.

किरकोळ : जेवण, चहा, पार्किंग, पंक्चर. यासाठी एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम बाजूला ठेवावी, त्यातली काही रोख.