पाच हजारांची तलवार घ्यायची का?

नववीच्या दोन पोरांना गणित शिकवतो. महिनाअखेर ट्यूशनचे पैसे हातात आले आणि त्याच रात्री होस्टेलच्या खोलीत वाद सुरू झाला. विषय एकच, ‘घोस्ट ऑफ योतेई’ घ्यायची का? किंमत पाच हजारांच्या आसपास, म्हणजे माझ्या मेसचं जवळपास दीड महिन्याचं बिल. रूममेट म्हणाला, “काऊन बे, पहिली खेळला ना? तेच घोडं, तेच गवत, तेच तलवार फिरवणं. दुसऱ्यांदा कायले पैसे घालतं?”

प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी नीट हिशेब मांडायचं ठरवलं. तोच इथे देतोय, कारण सिक्वेल आला की हा प्रश्न प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर निघतोच.

पहिल्या भागात काय होतं?

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ जुलै २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वर आली. बनवली अमेरिकेतल्या सकर पंच या स्टुडिओनं. काळ १२७४ चा. मंगोल फौज जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरते, किनाऱ्यावर जेमतेम ऐंशी सामुराय उभे राहतात आणि जवळपास सगळे मारले जातात. वाचलेला जिन साकाई मग सामुरायांचे नियम मोडून लपून वार करायला लागतो. आक्रमण खरं आहे. त्या बेटाचा सरदार सुमारे ऐंशी घोडेस्वार घेऊन लढला आणि पडला, हीही इतिहासातली नोंद. जिन आणि त्याचा शत्रू खोतून खान मात्र काल्पनिक. जिन हातात धरतो तसली कताना आणि बसून रचतो ते हायकू, दोन्ही त्या काळानंतरची. तेव्हा परीक्षेच्या पेपरात गेममधला इतिहास लिहू नका, राजेहो.

सिक्वेलमध्ये नवीन काय?

‘योतेई’ ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. कथा थेट १६०३ मध्ये जाते, म्हणजे पहिल्या भागानंतर ३२९ वर्षांनी. त्यामुळे पहिला भाग खेळला नसेल तरी काही अडत नाही. जिनची जागा घेते आत्सू नावाची भाडोत्री लढवय्यी. सोळा वर्षांपूर्वी सहा जणांच्या टोळीनं तिचं कुटुंब मारलं, आता ती एकेकाला शोधत परत आली आहे. जागा एझो, म्हणजे आजचं होक्काइडो. तेव्हा हा मुलूख जपानच्या सत्तेच्या पार काठावर होता आणि तिथे आयनू हे मूळचे रहिवासी राहत होते. त्याच १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन झाला. दक्षिणेत नवी राजवट बसतेय आणि उत्तरेत अजून कुणाचंच नीट राज्य नाही. सूडकथेला यापेक्षा चांगलं मैदान कुठलं?

लढाईतला फरक हातात लगेच जाणवतो. पहिल्या भागात तलवार एकच, शत्रू बघून पवित्रा बदलायचा. इथे शस्त्रच बदलायचं. दोन कताना, लांब भाला, भलीमोठी ओदाची आणि साखळीला बांधलेला कोयता, म्हणजे कुसारिगामा. ढालवाल्यासमोर नुसती तलवार आपटत बसलात तर मरता. साखळी काढली की ढाल बाजूला. बंदुकाही आल्यात, त्यामुळे दूर उभा असलेला एकटा माणूसही घाम फोडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भटकण्याची पद्धत. वारा अजूनही वाट दाखवतो, पण लोकांशी बोलून, माग काढून टोळीतल्या माणसांपर्यंत पोहोचायचं असतं आणि कुणाच्या मागे आधी जायचं हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. मध्येच कुठेही तंबू टाकून शेकोटी करता येते, शामिसेन वाजवता येतं. जुन्या घरी पोहोचलं की एक बटण दाबून आत्सूच्या लहानपणात जाता येतं. तेच अंगण, फक्त माणसं जिवंत. मला गेममधलं सगळ्यात जास्त हेच लागलं. लढाया विसरीन, ते अंगण नाही.

मग खोट कुठे?

आहे. रूममेट अर्धा बरोबर होता. बांबू कापणं, गरम पाण्याच्या कुंडात बसणं, कोल्ह्यामागे जाणं, हे सगळं परत आहे. पंधरा-वीस तासांनंतर नकाशावरची कामं ओळखीची वाटू लागतात. सूडाची गोष्ट कुठे वळणार, हे दोन-तीन हिंदी पिक्चर बघितलेल्या कुणालाही आधीच कळतं. आणि मोठी अडचण म्हणजे ही फक्त पीएस ५ वर आहे. पहिला भाग पीसीवर यायला मे २०२४ उजाडलं, म्हणजे जवळपास चार वर्षं. त्याच भरवशावर कुणी लॅपटॉप अपग्रेड करायला निघू नका.

घ्यायची कुणी, थांबायचं कुणी?

पीएस ५ घरात आहे, पहिला भाग आवडला होता आणि दोन वर्षांत एखादीच मोठी गेम घेता? मग घ्या. कथा पंचवीस-तीस तासांची, सगळं धुंडाळलं तर त्याच्या दुप्पट. पण डिस्कच घ्या. डिजिटल कॉपी विकता येत नाही. डिस्क खेळून झाली की मित्राला देता येते, विकताही येते.

पहिला भाग अर्ध्यात सोडला असेल तर थांबा. कंटाळा जिथे आला होता, तिथेच परत येईल.

फक्त पीसी असेल तर ‘त्सुशिमा’च घ्या, तीही सेलमध्ये. तुमच्यासाठी ती अजून नवीच आहे. आणि बजेट त्याहून कमी असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ बघा. इतिहास नाही, पुराणकथा आहे. छोटी आहे, शेवट अचानक येतो, पण राजस्थानी महालांत त्रिशूळ घेऊन उड्या मारणारी मुलगी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये भेटणार? २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात तिला नामांकन होतं.

आणि बर्डीचा किल्ला?

एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये वादळात खऱ्या त्सुशिमा बेटावरच्या एका मंदिराची तोरी कमान कोसळली. ती पुन्हा उभारायला लोकवर्गणी मागितली गेली, तेव्हा गेम खेळणाऱ्यांनीही पैसे पाठवले. पन्नास लाख येन हवे होते, जमले दोन कोटी सत्तर लाखांहून जास्त. त्यातल्या अनेकांनी ते बेट फक्त पडद्यावरच पाहिलं असणार.

हे वाचल्यावर मी बर्डीवरून जाताना टेकडीकडे जरा जास्त वेळ बघितलं. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी भिडली आणि संख्येनं कितीतरी मोठी असूनही हरली. आपण खालून रोज शॉपिंग करत जातो. किल्ला सैन्याच्या ताब्यात, लोकांसाठी उघडतो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. मला १६०३ चं एझो गल्लीबोळांसकट पाठ आहे. वर जाऊन किल्ला मात्र मी एकदाही पाहिलेला नाही.

शेवटी काय केलं? तिघांनी मिळून डिस्क घेतली, माझा वाटा सतराशेच्या आत आला. नियम एकच, प्रत्येकाला तीन आठवडे आणि शेवट कुणी सांगायचा नाही. “कायले पैसे घालतं” म्हणणाऱ्या रूममेटनं पहिला नंबर लावला. माझी पाळी परीक्षेनंतर.