मॉनिटरच्या खोक्यावरचे आकडे

नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मॉनिटर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारायचं, ‘किती इंची?’ उत्तर यायचं, १५ इंची. घरी टेप लावली की पडदा जेमतेम पावणेचौदा भरायचा. यात दुकानदाराचा दोष नव्हता. चौकटीआड दडलेल्या कडांसकट काचेच्या नळीचा कर्ण मोजायचा, हा त्या धंद्याचा रिवाजच होता. अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं, आणि मग प्रत्यक्ष दिसणाऱ्या भागाचं माप खोक्यावर वेगळं छापलं जाऊ लागलं.

त्या जाडजूड सीआरटीचे बाकीचे आकडे मात्र बऱ्यापैकी प्रामाणिक होते. डॉट पिच ०.२८ मिमी म्हणजे एकाच रंगाच्या शेजारशेजारच्या ठिपक्यांतलं अंतर तेवढं. आकडा लहान, तितकी अक्षरं रेखीव. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असला की पांढरा पडदा लुकलुकायचा आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं. ८५ वर नेला की डोळे निवायचे. पण रिझोल्यूशन वाढवलं की हर्ट्झ खाली यायचे. एका आकड्याची किंमत दुसऱ्याने चुकवायची, हा व्यवहार तेव्हा सेटिंग बदलताना समोर दिसत असे.

२००० नंतर टेबलं मोकळी करत एलसीडी आले आणि आकड्यांचं पीक आलं. रिस्पॉन्स टाइम २५ मिलिसेकंदांवरून १६, मग ८, मग ५. यातली बरीच घट खरी होती. पण थोडी मोजण्याची पद्धत बदलल्यामुळेही झाली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाऊन परत येण्याऐवजी करड्या रंगाच्या एका छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ छापला जाऊ लागला. कॉन्ट्रास्टमध्ये तर ताळतंत्रच सुटलं. आयपीएस पॅनेलचा खरा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१. खोक्यावर ‘डायनॅमिक’ शब्द जोडून लाखांच्या, कोटींच्या घरातले आकडे आले. काळं दृश्य आलं की मागचा दिवा मंद करायचा आणि उजळ दृश्याशी त्याची तुलना करायची, एवढाच त्याचा अर्थ. एकाच चित्रातला अंधार त्याने तसूभरही गडद होत नाही. पुढे ‘एलईडी मॉनिटर’ आले. त्यांतही पॅनेल एलसीडीच होतं, मागची ट्यूब जाऊन एलईडी बसले होते. २०१७ मध्ये व्हेसा या संस्थेने एचडीआरची प्रतवारी ठरवली. त्यातली ४०० ही सुरुवातीची पायरी अशी की तिला पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची अटच नाही.

या सगळ्या गर्दीत मराठी वाचणाऱ्याच्या सर्वांत कामाचा आकडा खोक्यावर ठळकपणे क्वचितच आला: दर इंचाला किती पिक्सेल. रोमन अक्षर थोड्या पिक्सेलमध्ये भागवून नेतं. देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, एवढ्यांना जागा लागते. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट घरोघर आला, तेव्हा समोर ९६ पिक्सेल प्रतिइंच किंवा त्याहून विरळ पडदे होते. ‘वर्गांत’ हा शब्द तिथे १२ पॉइंटात वाचून पाहावा. अख्ख्या अक्षराला उंची मिळते १६ पिक्सेलची. त्यात शिरोरेघेवर रफार आणि अनुस्वार तीन-चार पिक्सेलमध्ये एकमेकांना खेटून बसतात आणि दोन्हींचा मिळून एक काळा ठिपका होतो. वर्षानुवर्षं मुद्रितं तपासणाऱ्यांनी हा त्रास काढला आहे, आणि पडद्यावरच्या मराठीत निसटलेल्या कितीतरी अनुस्वारांचं मूळ इथेच असावं असं मला वाटतं.

हा आकडा स्वतः काढता येतो. आडव्या आणि उभ्या पिक्सेलांच्या वर्गांची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ घ्यायचं, त्याला इंचांनी भागायचं. १९२० बाय १०८० चा पडदा २४ इंची असला तर ९२ येतात. तोच २७ इंची घेतला तर ८२, म्हणजे जास्त पैसे मोजून अक्षर आणखी भरड. २७ इंचांत १४४० उभे पिक्सेल असले तर १०९. फोर-केमध्ये १६३, आणि तिथे रफार व अनुस्वार सुटे दिसतात. आयबीएमने २००१ मध्येच २२ इंचांच्या पडद्यावर २०४ ची घनता गाठली होती, पण किंमत सामान्यांच्या आवाक्यापलीकडे होती. मधली वर्षं बाजाराने हर्ट्झच्या शर्यतीत घालवली: १४४, २४०, ३६०. २०२२ मध्ये टेबलावर आलेल्या क्यूडी-ओएलईडी पडद्यांनी काळा रंग खरोखर काळा केला, पण त्यांच्या उपपिक्सेलांची मांडणी त्रिकोणी असल्याने अक्षरांच्या कडांना हिरवी-गुलाबी झाक येई. २७ इंची ओएलईडीही आता फोर-केत मिळू लागले आहेत, आणि पिक्सेल बारीक झाल्यामुळे ती झाक डोळ्यांना फारशी जाणवत नाही.