माशाकडून शिकलेली तीनचाकी



ओढ्यात पोहणारा मासा तुम्ही पाहिलाच असेल. डोक्याकडे जाड आणि गोलसर, शेपटीकडे निमुळता. अशा अंगामुळे पाणी त्याला कमी अडवते. हवाही पाण्यासारखीच वाहते. म्हणून वेगवान गाडी कशी असावी हे ठरवताना इंजिनिअर लोकांनी मासा, पाण्याचा थेंब, बोट आणि विमान यांच्याकडे पाहिले. त्यातूनच काही गाड्यांना चाराऐवजी तीन चाके आली. ती कशी, ते बघू या.

आधी एक प्रयोग. मोठ्या माणसांना जवळ बसवूनच करा. पेटत्या मेणबत्तीपुढे एक रुंद वही उभी धरा आणि वहीवर जोरात फुंकर मारा. ज्योत विझत नाही, उलट वहीकडेच झुकते! आता वहीच्या जागी गोल बाटली ठेवून फुंकर मारा. ज्योत विझते. असं का होतं? वहीच्या कडेवर हवा तुटते आणि मागे भोवरे फिरू लागतात. बाटलीच्या गोल अंगाला मात्र हवा चिकटून वाहते आणि मागे येऊन मिळते. चपट्या गाडीमागे असेच भोवरे होतात आणि ते गाडीला मागे ओढतात. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. म्हणजे जितकी घाई, तितके पेट्रोल जास्त जळणार.

जर्मनीत एडमंड रुम्पलर नावाचे विमाने बनवणारे इंजिनिअर होते. त्यांनी १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची मोटार मांडली. तिला चाके चारच होती. पण थेंबाची शेपटी निमुळती असते. मागे जागाच अरुंद, तर तिथे दोन चाके कशाला? एकच पुरे, हा विचार पुढे आला.

अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांनी १९३३ साली 'डायमॅक्झियन' ही तीनचाकी मोटार तयार केली. त्यांच्या मदतीला होते स्टार्लिंग बर्जेस. ते शर्यतीच्या शिडाच्या बोटी आणि विमाने बनवणारे. त्यामुळे गाडीचा सांगाडा बोटीसारखा लाकडी आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. लांबी जवळजवळ २० फूट, बसायला अकरा माणसे. पुढे दोन चाके, मागे एक. माशाची शेपटी किंवा बोटीचे सुकाणू जसे मागे असते, तसे हे मागचे चाक वळे आणि गाडीला दिशा देई. गाडी जागच्या जागी गोल फिरायची. बघणाऱ्यांची गर्दी व्हायची!

परंतु मासा सगळीकडून पाण्याने धरलेला असतो, गाडीला धरायला फक्त जमीन असते. वेग वाढला की डायमॅक्झियनचे शेपूट हलके होई. बाजूने वारा आला की ती भरकटू लागे. मागच्या चाकाने तिला सरळ ठेवणे फार अवघड जाई. ऑक्टोबर १९३३ मध्ये शिकागो येथे दुसऱ्या मोटारीशी टक्कर होऊन ती उलटली आणि चालक मरण पावला. दोष गाडीच्या रचनेचा नाही असे चौकशीत ठरले, पण लोकांच्या मनातली भीती काही गेली नाही. अशा एकूण तीनच गाड्या झाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत मेसरश्मिट कंपनीला विमाने बनवण्याची बंदी होती. तेव्हा फ्रिट्झ फेंड या इंजिनिअरची छोटी तीनचाकी तिने बनवायला घेतली. १९५५ सालच्या 'के आर २००' मध्ये दोन माणसे विमानातल्यासारखी एकामागे एक बसत. वर पारदर्शक झाकण, मागे निमुळती शेपटी. वळायची मात्र पुढची दोन चाके. मागचे चाक इंजिनाने फिरे. इंजिन अवघे १९१ सी.सी.चे, म्हणजे स्कूटरएवढे! तरी ती ताशी सुमारे ९० कि.मी. पळे.

आपली रिक्षासुद्धा या कुळापासून फार लांब नाही. इटलीची 'आपे' ही तीनचाकी १९४८ साली आली. तिचे इंजिनिअर कोरादिनो दास्कानिओ आधी हेलिकॉप्टर बनवत असत. पुढे १९६० च्या दशकात पुण्याच्या बजाज ऑटोने त्याच इटालियन कंपनीच्या परवान्याने रिक्षा बनवल्या. रिक्षा हळू चालते, म्हणून तिला वाऱ्याची फारशी फिकीर नाही. पुढे एकच चाक असल्याने ती गल्लीबोळात चटकन वळते. पण एक गोष्ट पालकांनीही ध्यानात घ्यावी. वळणावर ब्रेक मारला की सगळा भार पुढे आणि बाहेरच्या बाजूला जातो, आणि नेमके तिथेच रिक्षाला चाक नसते! म्हणून भरलेली रिक्षा जोरात वळवली तर कलंडते. बाजाराच्या दिवशी दाटीवाटीने बसताना आणि 'जरा जोरात घ्या' म्हणताना हे आठवावे.

आकार वाऱ्याचा अडथळा कमी करतो. पण माणसे सुखरूप घरी पोचायची तर चाके कुठे आहेत आणि भार कुठे जातो, हेही बघावेच लागते.

– इयत्ता ७ वी