रात्रपाळीतला पहिला अल्बम

लंडनच्या सोहो भागात सेंट ॲन्स कोर्ट नावाची एक अरुंद गल्ली आहे. १९६८ साली बीटल्सनी ‘हे जूड’ रेकॉर्ड करायला या गल्लीतला ट्रायडंट स्टुडिओ गाठला, कारण आठ ट्रॅकचं यंत्र तेव्हा फार थोड्या ठिकाणी मिळायचं. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, तिथे डेव्हिड बोवी आणि लू रीड यांची कामं चालू होती. त्याच वर्षी चार तरुण आपली वाद्यं घेऊन तिथे यायचे आणि आतला कलाकार काम संपवून बाहेर पडण्याची वाट बघत थांबायचे. तो गेला की मधले रिकामे तास त्यांचे. कधी मध्यरात्रीनंतर, कधी पहाटेपर्यंत. ‘क्वीन’ या बँडचा पहिला अल्बम असा उरल्यासुरल्या वेळात तयार झाला.

स्टुडिओचे मालक नॉर्मन आणि बॅरी हे शेफील्ड बंधू होते. व्यवहार साधा होता. बँडकडे भाड्याचे पैसे नव्हते आणि स्टुडिओ रिकामा राहिला तर मालकाला काही मिळत नव्हतं. म्हणून रिकामा वेळ बँडला द्यायचा आणि बदल्यात ध्वनिमुद्रण, गाण्यांचे प्रकाशनहक्क आणि व्यवस्थापन, सगळं आपल्या हाती ठेवायचं. वरवर पाहता बँडचा फायदाच. पण रिकाम्या वेळेचं एक दुखणं असतं. ड्रमसमोर मायक्रोफोन कुठे ठेवायचा, किती अंतरावर ठेवायचा, हे जमवायलाच तास जातात. रोज सलग काम असेल तर एकदा जमलेली मांडणी तशीच राहते. इथे सकाळी दुसरा कलाकार येणार, म्हणजे सगळं आवरून जागा मोकळी करायची. त्या काळात आवाज चुंबकीय फितीवर घेत. सोळा ट्रॅकच्या फितीवर प्रत्येक वाद्य वेगळं घ्यायचं, त्यावर गाणं, गाण्यावर आणखी सूर चढवायचे. क्वीनला तर सुरांचे थरावर थर हवे होते. असल्या कामाला निवांत वेळ लागतो, आणि तोच त्यांच्याकडे नव्हता.

थर हवे होते ते मुख्यतः गिटारवादक ब्रायन मे याला. त्याची गिटार मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फेंडर किंवा गिब्सन घेण्याची घरची ऐपत नव्हती, म्हणून १९६३ पासून त्याने आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी मिळून ती घरीच बनवली. मानेसाठी लाकूड मिळालं ते जुन्या शेकोटीवरच्या महॉगनी फळीचं. सुरांना हेलकावा देणाऱ्या दांडीच्या यंत्रणेत १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या. दांडीच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा आला. पट्टीवरचे खुणेचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. वाजवायला प्लॅस्टिकची पट्टी नाही, तर सहा पेनींचं नाणं. ‘रेड स्पेशल’ या नावाने जगभर ओळखली जाते ती हीच गिटार, आणि पुढची पन्नास वर्षं मे तिच्यावरच वाजवत राहिला. घरच्या अडगळीतून असा आवाज उभा करणारा माणूस स्टुडिओत गेल्यावर ‘इथे असंच करतात’ हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेईल, अशी अपेक्षाच चुकीची होती.

मे राहायचा लंडनजवळच्या फेल्टममध्ये. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाल्यावर तिथून निघालेलं एक पारशी कुटुंबही याच उपनगरात येऊन राहिलं. या घरातला मुलगा फारोख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी. आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहावर ठेवलं होतं. पियानो तो तिथे शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा त्याचा पहिला बँडही तिथेच उभा राहिला. पाचगणीची ही आठवण आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते, आणि सांगितलीच पाहिजे. फक्त ‘पाचगणीचा मुलगा जगप्रसिद्ध झाला’ एवढ्यावर ती थांबते, याची मला खंत वाटते. मधली वर्षं कष्टाची होती. ईलिंगच्या कलामहाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकलेला हा तरुण, बँडचा ड्रमर रॉजर टेलर याच्याबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये कपड्यांचा गाळा चालवत होता. बँडचं राजमुद्रेसारखं बोधचिन्हही त्यानेच काढलं. मे खगोलशास्त्रात संशोधन करत होता. १९७१ मध्ये आलेला बास गिटारवादक जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता.

ट्रायडंटच्या आधी मात्र नशिबाने एक चांगला हात दिला होता. १९७१ च्या अखेरीस वेम्ब्लीत डी लेन ली नावाचे नवे स्टुडिओ उभे राहत होते. एका खोलीतला दणदणाट शेजारच्या खोलीत जातो का, हे तपासायला मालकांना मोठ्याने वाजवणारा बँड हवा होता. क्वीनने ते काम घेतलं आणि मोबदल्यात पाच गाण्यांचे डेमो फुकट रेकॉर्ड करून घेतले. इंजिनिअर होता लुई ऑस्टिन. नवा स्टुडिओ बघायला एकदा रॉय थॉमस बेकर आणि जॉन अँथनी हे ट्रायडंटशी संबंधित निर्माते आले. बेकरच्या कानावर ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ पडलं आणि ट्रायडंटची वाट मोकळी झाली.

खरी कुरबुर सुरू झाली ती ट्रायडंटमध्ये, ड्रमवरून. तिथे ड्रम एका छोट्याशा बंदिस्त खोलीत वाजवायची पद्धत होती. खोलीला घुमारा नाही, ठोका पडला की तिथेच संपला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला असा कोरडा, आखूड आवाज फॅशनमध्ये होता. मिक्सिंग करणाऱ्याला तो सोयीचाही असतो, कारण ड्रमचा आवाज दुसऱ्या मायक्रोफोनमध्ये शिरत नाही आणि घुमारा नंतर कृत्रिम देता येतो. पण मे आणि टेलर यांना ड्रम मोकळ्या खोलीत वाजल्यासारखे ऐकू यायला हवे होते. खोलीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज नंतर कितीही यंत्रं लावली तरी पूर्ण मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण स्टुडिओ दुसऱ्याचा, वेळ दुसऱ्याने दिलेला. तिथे यांचं कोण ऐकणार?

एका ठिकाणी मात्र ते अडून बसले. ‘द नाइट कम्स डाउन’ ट्रायडंटमध्ये पुन्हा रेकॉर्ड झालं, पण बँडला ते रुचलं नाही. शेवटी वेम्ब्लीतला डेमोच अल्बमवर गेला. ‘मॅड द स्वाइन’ हे गाणं तर ड्रमच्या आवाजावरून मतभेद झाले म्हणून वगळलंच गेलं.

१९७२ च्या नोव्हेंबरपर्यंत अल्बम तयार होता. पण ट्रायडंटला तो काढणारी कंपनी मिळेना. ईएमआयने तो घेऊन बाजारात आणेपर्यंत १३ जुलै १९७३ उजाडला. ज्या काळात दर काही महिन्यांनी संगीताचा नूर पालटत होता, त्या काळात हा उशीर बँडला फार लागला. आता आपण दुसऱ्यांची नक्कल केल्यासारखे वाटणार, ही मेची धास्ती होती. अल्बमच्या वेष्टनावर ‘सिंथेसायझर कोणीही वाजवलेला नाही’ असं त्यांनी आवर्जून छापलं. इतके थर गिटारचे आहेत, यंत्राचे नाहीत, हे लोकांना कळावं म्हणून. पहिली सिंगल विक्रीच्या यादीत आलीच नाही. अल्बम ब्रिटनच्या यादीत चढला तो १९७४ मध्ये, दुसरा अल्बम गाजल्यावर, आणि तोही २४ व्या क्रमांकापर्यंतच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हा अल्बम ‘क्वीन वन’ नावाने नव्याने आला. मूळ फितींवरचा प्रत्येक आवाज सोडवून मे आणि टेलर यांनी ड्रमचा आवाज आपल्या मनासारखा करून घेतला, वगळलेलं ‘मॅड द स्वाइन’ परत जागेवर बसवलं. म्हाताऱ्या कलाकारांनी जुन्या कामाला हात लावू नये, असं म्हणणारे बरेच आहेत. एरवी मीही त्यांच्या बाजूचा. पण इथे त्यांनी जुनं बदललं नाही. तेव्हा जे मागितलं होतं आणि नाकारलं गेलं होतं, ते घेतलं.

तरीही क्वीनकडे नव्याने वळणाऱ्याला मी आधी वेम्ब्लीचे डेमो ऐकायला सांगेन. २०११ च्या आवृत्तीत ते अधिकृतपणे उपलब्ध आहेत. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ आधी डेमोतलं ऐका, लगेच १९७३ च्या अल्बममधलं ऐका, आणि कान फक्त ड्रमवर ठेवा. स्टुडिओची चाचणी घ्यायला फुकट वाजवलेला तो डेमो मूळ अल्बमपेक्षा सरस आहे.