घामामागचं शास्त्र

पहाटे साडेपाचला सोलापूरच्या सात रस्त्यावर रहदारी तुरळक असते. चहाच्या गाड्यावर पहिलं आधण चढलेलं असतं. पाठीला सॅक लावलेली पोरं-पोरी चौकातून जाताना दिसतात. कोणी रेल्वे लाइन्सच्या बाजूने आलेलं असतं, कोणी विजापूर रोडवरून. कोणाला पार्क स्टेडियम गाठायचं असतं, कोणाला मोकळा रस्ता पुरतो. बहुतेकांच्या डोक्यात एकच ध्यास असतो: पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे 50 गुण. त्या 50 गुणांसाठी ही मुलं वर्ष-दोन वर्षं रोज घाम गाळतात.

त्यांच्या जिद्दीला नमस्कार करावासा वाटतो, पण काळजीही वाटते. कोणाची नडगी महिनाभर ठणकत असते, तरी तो पळत राहतो, कारण सोबतचा मित्र म्हणालेला असतो, ‘पळून पळूनच मोकळी होईल.’ कोणाला सांगितलेलं असतं की पळताना पाणी प्यायचंच नाही. कोणी रोज तेच अंतर त्याच वेगाने धावतो आणि वेळ कमी का होत नाही म्हणून स्वतःलाच दोष देतो. या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शास्त्राकडे आहे. ते शिकवणारे अभ्यासक्रम आहेत, महाविद्यालयं आहेत, पदव्या आहेत. तरीही आपल्या मनात ‘शारीरिक शिक्षण’ म्हणजे पी.टी.चा तास, शिट्टी आणि सावधान-विश्राम एवढंच उरलं आहे.

तीन चाचण्या, एक वर्ग

भरतीच्या तीन चाचण्या घेतल्या तरी या शास्त्राचा आवाका कळतो.

100 मीटर धावताना स्नायूंना ऊर्जा लागते ती जवळजवळ तत्क्षणी. स्नायूंमध्ये आधीच साठवलेलं एटीपी हे ऊर्जाद्रव्य दोन-तीन सेकंदांत संपतं. मग क्रिएटिन फॉस्फेटचा साठा कामाला येतो आणि तोही साधारण दहा सेकंदांत ओसरतो. त्यापुढे शरीर ऑक्सिजनची वाट न पाहता साखर जाळू लागतं. 1600 मीटरची गोष्ट वेगळी आहे. पाच-सहा मिनिटांच्या त्या धावेत मोठा वाटा ऑक्सिजनवर चालणाऱ्या ऊर्जेचा असतो. म्हणजे हृदय किती रक्त ढकलतं आणि स्नायू त्यातला किती ऑक्सिजन वापरतात, यावर वेळ ठरते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना स्नायूंच्या कार्यावरील संशोधनासाठी 1922 चं नोबेल मिळालं आणि कमाल ऑक्सिजन वापराची कल्पना त्यांच्याच कामातून पुढे आली. म्हणूनच जाणता प्रशिक्षक रोज 1600 मीटर पळवत नाही. एका दिवशी लांब आणि संथ धाव, एका दिवशी 400 मीटरच्या तुकड्या आणि मध्ये विसावा, एका दिवशी पूर्ण विश्रांती, असा तो आठवडा बांधतो. शरीर सरावात थकतं आणि विश्रांतीत घडतं, हा या शास्त्राचा पहिला धडा.

गोळाफेकीत तर भौतिकशास्त्रच आहे. शाळेत शिकलेलं असतं की 45 अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते. पण गोळा जमिनीवरून सुटत नाही, खांद्याच्या वरून सुटतो. शिवाय जितक्या वर ढकलावं तितका वेग कमी पडतो. त्यामुळे चांगल्या खेळाडूचा गोळा 45 पेक्षा बऱ्याच कमी, साधारण 35 ते 38 अंशांत सुटतो. हे कळलं की दंडाची ताकद तीच राहूनही फेक वाढते.

आणि ती ठणकणारी नडगी? कडक डांबरावर, झिजलेल्या बुटांत, अंतर एकदम वाढवल्याने हाडाभोवतीच्या भागावर ताण येतो. तो दुर्लक्षित राहिला तर हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. विश्रांती, मऊ जमीन आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेलं अंतर हाच उपाय. उन्हाचंही तसंच. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. नव्या उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात सराव हलका ठेवायचा आणि पाणी घोटाघोटाने प्यायचं. ‘पाणी प्यायचं नाही’ हा सल्ला थेट जिवावर बेतू शकतो.

तालमीतून वर्गाकडे

हे सगळं परदेशातून आयतं आलं, असं मात्र कोणी समजू नये. शरीराच्या शिक्षणाची महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शिस्तबद्ध रूप दिलं. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या कामातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापलं आणि त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभारून योगक्रियांचा परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. आसन केल्यावर शरीरात नेमकं काय घडतं, हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणारी ती जगातली अगदी सुरुवातीची संस्था. बडोद्याहून तर ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत खंडाखंडांनी प्रसिद्ध झाला.

महाविद्यालयीन शिक्षणाची वाट भारतात 1920 मध्ये मद्रासच्या वाय.एम.सी.ए. महाविद्यालयाने उघडली. हॅरी क्रो बक हे त्याचे प्रवर्तक. मुंबई सरकारने 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था काढली. स्वातंत्र्यानंतर 1957 मध्ये ग्वाल्हेरला राष्ट्रीय पातळीवरचं महाविद्यालय निघालं, ते आज लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था म्हणून ओळखलं जातं. 1961 मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आली. अमरावतीच्या आणि पुण्याच्या त्या जुन्या मंडळांनीही पुढे आपापली शारीरिक शिक्षण महाविद्यालयं काढली. तालमीचा वारसा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पोहोचला तो असा.

परंपरा आणि शास्त्र यांची गाठ का पडावी लागते, याचं उत्तर खाशाबा जाधवांच्या आयुष्यात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातीत घडला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर उतरावं लागलं. सवय नसतानाही ते सहावे आले. मॅटचे डाव आणि नियम अभ्यासून चार वर्षांनी ते हेलसिंकीत उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. मातीने बळ दिलं आणि अभ्यासाने पदक दिलं.

निवडायला सात वाटा

सात रस्त्यावर जसे वेगवेगळ्या दिशांचे रस्ते फुटतात, तशा या क्षेत्रातही आज निदान सात वाटा आहेत. बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी त्या नीट पाहाव्यात.

पहिली, डी.पी.एड. बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, मुख्यतः शाळेतल्या लहान मुलांना शिकवण्यासाठी.

दुसरी, बी.पी.ई.एस. बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी. खेळाची आवड लवकर ओळखलेल्यांना ही वाट सोयीची.

तिसरी, बी.पी.एड. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षं. महाराष्ट्रात या प्रवेशासाठी राज्य सीईटी असते आणि लेखी परीक्षेच्या जोडीला मैदानी चाचणीही असते. अभ्यासात शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचं यंत्रशास्त्र, क्रीडा प्रशिक्षण, क्रीडा मानसशास्त्र, मापन आणि मूल्यमापन, योग आणि प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव असतो.

चौथी, एम.पी.एड. आणि त्यापुढे नेट, सेट किंवा पीएच.डी. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदाकडे ही वाट जाते.

पाचवी, क्रीडा विज्ञानातल्या पदव्या. व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, आहार, मानसशास्त्र, कामगिरीचं विश्लेषण अशा शाखांत खोल जाता येतं. संघांना आणि अकादमींना या तज्ज्ञांची गरज वाढते आहे.

सहावी, फिजिओथेरपी. विज्ञान शाखेतून ‘नीट’ परीक्षा देऊन चार वर्षांचा अभ्यास, त्यापुढे इंटर्नशिप, आणि पदव्युत्तर पातळीवर क्रीडा फिजिओथेरपी.

सातवी, प्रशिक्षकाची. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एका खेळात विशेष प्रशिक्षण देणारा डिप्लोमा आजही देशात मानाचा आहे.

प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी जरूर तपासाव्यात. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का आणि महाविद्यालयाला स्वतःचं मैदान आहे का. मैदानाविना दिलेली ही पदवी म्हणजे विहिरीविना शिकवलेलं पोहणं. आणखी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायला हवी. केवळ शाळेतल्या नोकरीच्या भरवशावर या क्षेत्रात येऊ नये, कारण शिक्षक भरती वर्षानुवर्षं रेंगाळते. पण व्यायामशाळा, रुग्णालयं, अकादमी, कारखान्यांमधली आरोग्य केंद्रं ही दारं आता उघडी आहेत. मैदान गाजवलेल्या खेळाडूंसाठी राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणही आहे.

राज्याने डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा केला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यातही आरोग्य, योग, क्रीडा आणि तंदुरुस्ती हे सहशैक्षणिक विषय पदवीच्या क्रेडिटमध्ये आले आहेत. म्हणजे वाणिज्य शिकणाऱ्या मुलीलाही मैदानावरच्या मेहनतीचं श्रेय गुणपत्रिकेत मिळू शकतं. सोलापूरच्या दृष्टीने हे मोलाचं आहे. 2004 पर्यंत इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. 1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, जे आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखलं जातं. एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ असल्याने जिल्ह्यातल्या खेळाडूला विद्यापीठाच्या संघाचं दार जवळ आलं.

अशा दारातून काय घडू शकतं? माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेकडे पाहा. भालाफेक, गोळाफेक करणारी ही मुलगी पुण्यात शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करताना क्रिकेटकडे वळली. 2022 मध्ये नागालँडकडून अरुणाचल प्रदेशविरुद्ध टी-20 सामन्यात तिने नाबाद 162 धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. भालाफेकीने कमावलेली खांद्याची आणि कमरेची ताकद बॅटच्या फटक्यात उतरली.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

पण हे शास्त्र केवळ खेळाडूंसाठी असतं, तर त्यावर इतकं लिहिलं नसतं. ते सोलापूरला हवं आहे ते सोलापूर कष्टकऱ्यांचं गाव आहे म्हणून.

1953 मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसमधल्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत असे. हृदयविकाराचं प्रमाण वाहकांमध्ये बरंच कमी निघालं. बसून राहणं हाच धोका आहे, हे आकड्यांतून दाखवणारा हा पायाभूत अभ्यास. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं.

आपल्याकडे लोक म्हणतात, ‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला आलाय व्यायाम?’ चादरीच्या, टॉवेलच्या मागावर तासन् तास उभा राहणारा कामगार राबतो हे खरंच. विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मान खाली घालून बसतात, तेही कष्टच. पण या कष्टांत तेच मोजके स्नायू पुन्हा पुन्हा झिजतात आणि बाकीचं शरीर आखडून जातं. विडी वळणाऱ्या बाईला तासाला दोन मिनिटं मान, खांदे आणि पाठ मोकळी करायला शिकवणं हेही शारीरिक शिक्षणच आहे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो. धावताना लवकर दमणाऱ्या मुलीला ‘आळशी’ म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासायला सांगणारा शिक्षक हाच खरा प्रशिक्षित शिक्षक.

आणि आपल्या गावाला शरीराची समज नवी नाही. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज पेलून चालतात, तेव्हा वजनाइतकीच कसोटी तोलाची असते. उंच काठीचा भार वर असल्याने ती जराशी कलली तरी कोसळू पाहते. ती सावरायला पोट, पाठ आणि पाय एका क्षणात एकत्र यावे लागतात. म्हणूनच यात्रेआधी कित्येक दिवस सराव चालतो. गणपतीच्या मिरवणुकीतली आपली लेझीम पाहा. शेकडो पावलं एका ठेक्यात पडतात, बैठका लागतात, श्वास ताब्यात राहतो. ज्या गावाचा सण हाच व्यायाम आहे, त्या गावात या शास्त्राला परकं वाटायचं कारण नाही.

म्हणून तीन विनंत्या. शाळांना: पी.टी.चा तास गणिताला देऊ नका. मुलाचा मेंदूही त्याच शरीरात राहतो. पालकांना: मुलगी म्हणाली, ‘मला बी.पी.एड. करायचंय,’ तर तिला आधी विचारा, तुला नेमकं काय शिकायचं आहे, आणि मग सीईटीचा फॉर्म भरायला तिच्यासोबत बसा. आणि ज्यांनी हे शिक्षण घेतलं आहे त्यांना: आठवड्यातली एक पहाट सात रस्त्यावरून जाणाऱ्या त्या पोरांना द्या. त्यांची नडगी तपासा, त्यांचा आठवडा बांधून द्या. त्यांना खर्चिक काहीच नको आहे. योग्य वेळी एका जाणकाराचं एक वाक्य मिळालं, तर त्यांची दोन वर्षं वाया जाणार नाहीत.