गुरुवारचं लग्न बुधवारी

फळ्यावर मॅडमनी तीन वार लिहिलेत : मंगळवार, बुधवार, गुरुवार. तालुक्याचं कॉलेज, एस. वाय. बी. ए.चा वर्ग, बाहेर पावसाची झड. मी मागच्या बाकावर बसून ऐकतोय. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा चौथा अंक चालू आहे.

“सिच्युएशनल आयरनी म्हणजे?” एक मुलगा उठून ‘अपेक्षेच्या नेमकं उलट घडणं...’ ही गाइडमधली व्याख्या घडाघडा म्हणतो.

“बरोबर. आता सांग, ज्युलिएटचं गुरुवारचं लग्न बुधवारवर कुणी आणलं?”

पानांची चाळवाचाळव. “बापानं,” खिडकीजवळची मुलगी म्हणते. “ती माफी मागते, लग्नाला तयार होते, म्हणून तो खूश होतो.”

“खूश होतो!” मॅडम गुरुवारवर काट मारतात.

माफी खोटी आहे. 42 तास मेल्यागत निजवणारं फ्रायर लॉरेन्सचं औषध गुपचूप घेता यावं म्हणून मागितलेली. बापाला मात्र ती इतकी पटते, की तो लग्न एक दिवस अलीकडे ओढतो. औषध मंगळवारी रात्रीच प्यावं लागतं, आणि रोमिओला मांतुआत पत्र पोचवायला असलेला एक अख्खा दिवस हातचा जातो. आपण सगळं खापर ते पत्र अडवणाऱ्या प्लेगच्या साथीवर फोडून मोकळे होतो. घात त्याआधीच, एका बापाच्या आनंदातून शिरलेला असतो. व्याख्या घोकून हे कुणाला दिसणार?

“पण पत्र नेणारा जॉन चुकलाच ना?”

“तो कुठं अडकला?”

उत्तर तुकड्यातुकड्यानं येतं. सोबतीला दुसरा साधू हवा म्हणून गेला. तो साधू आजाऱ्यांना भेटत होता. साथीच्या संशयानं दोघांनाही घरात कोंडलं.

“आणि रोमिओचा नोकर बाल्थझार?”

“तो इमानी आहे, मॅडम. ज्युलिएटला थडग्यात ठेवलेलं बघितलं, की ती मेली हे सांगायला तडक रोमिओकडे निघतो.”

“आळशी असता तर?”

व्याख्या म्हणणारा मुलगा अजून उभाच आहे. “तर... रोमिओ वाचला असता,” तो सावकाश म्हणतो. या वेळी गाइड मिटलेलं आहे.

मुलगी पुन्हा हात वर करते. “फ्रायरनं दोघांचं लग्न लावलं ते घराण्यांचं वैर मिटावं म्हणून. ते तर शेवटी मिटतंच!”

“मग हवं तेच मिळालं की. यात आयरनी कसली?” मधल्या बाकावरून कुणी तरी म्हणतं.

“कशाच्या बदल्यात मिळालं ते बघ ना!” ती मागं वळून त्याच्यावर जवळजवळ ओरडते.

मॅडम मध्ये पडत नाहीत.