मुलांचे कोर्ट

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. अमेरिकेत मात्र शाळेतली पोरे हौसेने ही पायरी चढतात. त्यांच्यावर खटला नसतो. ती खटल्याची स्पर्धा खेळायला जातात. अशा नकली खटल्याला मराठीत 'अभिरूप न्यायालय' म्हणतात. शब्द जड आहे. आम्ही आपले 'मुलांचे कोर्ट' म्हणू.

ही पोरे आपल्याकडच्या नववी ते बारावीच्या वयाची असतात. १९८४ साली आयोवा राज्यातील डे मॉइन शहरी या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

खटला रचलेला असतो. समजा, रात्री एका दुकानाला आग लागली. विम्याच्या पैशासाठी मालकानेच ती लावली, असा आरोप आहे. दोन्ही संघांना तेच कागद मिळतात, त्याच जबान्या मिळतात. काही मुले वकील होतात, काही साक्षीदार. न्याय द्यायला बहुधा खरे वकील किंवा न्यायाधीशच बसतात.

आधी दोन्ही बाजू आपले म्हणणे थोडक्यात मांडतात. मग साक्षी होतात. आपल्या साक्षीदाराला आपला वकील विचारतो, ती सरतपासणी. समोरचा वकील विचारतो, ती उलटतपासणी. खरी कसोटी इथे लागते.

साक्षीदार झालेली मुलगी सांगते, "मालकाला मी दुकानाबाहेर पाहिले."

समोरचा मुलगा शांतपणे उठतो. "तुम्ही रस्त्याच्या पलीकडे होता ना?"

"होय."

"दिवे गेले होते ना?"

"होय."

"मग तोंड दिसले, की नुसता सदरा?"

मुलगी थबकते. तिच्या हातात कागद नसतो. जबानीत नाही ते पदरचे सांगायची मुभाही नसते.

दुसरा साक्षीदार म्हणतो, "आग मालकानेच लावली, असे सारा बाजार म्हणतो." लगेच पलीकडची मुलगी उभी राहते. "हरकत आहे! ही ऐकीव गोष्ट आहे." हरकत मान्य होते. आपल्याकडेही कायदा असाच आहे. ज्याने पाहिले, त्यानेच येऊन सांगायचे. बांधाच्या भांडणात 'चुलते म्हणाले' एवढ्यावर साक्षीला उभे राहणारे पुष्कळ असतात. ते इथेच अडकतात.

गुण कशाला मिळतात? आरोपी सुटला की अडकला, याला नाही. प्रश्न नेमका होता का, हरकत वेळेवर घेतली का, साक्ष खरी वाटली का, हे पाहतात. म्हणून खटला हरलेला संघही स्पर्धा जिंकू शकतो. शाळेत आम्ही वक्तृत्वाच्या स्पर्धा खूप पाहिल्या. पोरे पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणतात आणि खाली बसतात. मध्येच कोणी प्रश्न विचारत नाही. तिथे पाठांतर पुरते, इथे पुरत नाही.

आम्हाला सर्वांत आवडला तो नियम निराळाच. एका फेरीत मालकाला गुन्हेगार ठरवणाऱ्या संघाला दुसऱ्या फेरीत त्याच मालकाची बाजू घ्यावी लागते. कागद तेच, साक्षीदार तेच. आधी ज्या साक्षीचा आधार घेतला, तीच आता मोडायची. काही ठिकाणी तर कोणती बाजू मिळणार, हे नाणे उडवून ठरते. त्यामुळे घरी तयारी करताना पोरांना प्रत्येक जबानी दोनदा वाचावी लागते. एकदा मालकाच्या विरुद्ध आणि एकदा त्याच्या बाजूने.